पांढरी वाटी

‘चिनी माती’ हा शब्द मराठीत आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यातला देश आपल्याला ऐकूच येत नाही. मला तो ऐकू आला, तो बोटे पोळली तेव्हा.

चीनमधील एका विद्यापीठात मी एका सत्रापुरती अभ्यागत प्राध्यापक होते. सुटीत जिंगदेजेनला गेले असता एका निवृत्त अध्यापिकेने घरी चहाला बोलावले. त्यांनी माझ्यापुढे ‘गायवान’ ठेवली. खाली बशी, तीवर कान नसलेली वाटी आणि वाटीवर झाकण. झाकण म्हणजे आकाश, बशी म्हणजे पृथ्वी आणि मधली वाटी म्हणजे माणूस, असा संकेत आहे. अंगठा व मधले बोट काठावर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर. झाकण किंचित तिरके सारून पाने अडवावयाची व चहा ओतावयाचा. मी पाणी काठोकाठ भरले होते, हात भाजला. बाई हसून म्हणाल्या, “काठ मोकळा ठेवावा, धरणाऱ्यासाठी.”

चहा त्यांनी प्रथम एका तोटीच्या भांड्यात ओतला व मग इवल्याशा पेल्यांत वाटला. वाटीतून थेट पेल्यांत ओतला, तर पहिल्याच्या वाट्याला फिका आणि शेवटच्याच्या वाट्याला कडक चहा येतो. म्हणून त्या भांड्याचे नाव ‘न्यायाचा पेला’.

याच गावाजवळच्या गाओलिंगवरून काओलिन मातीला नाव मिळाले. ती माती आणि एक विशिष्ट दगड दळून, मळून सुमारे 1300 अंशांवर भाजला, की भांडे काचेसारखे घट्ट होते. ते काही शोषून घेत नाही. कालचा चहा त्यात आज उरत नाही. यीशिंगच्या जांभळ्या मातीच्या बिनझिलईच्या किटलीत मात्र चहा मुरतो. म्हणून कित्येक रसिक एक किटली एकाच जातीच्या चहासाठी राखतात.

मी उत्साहाने बोलून गेले, “अनुवाद असाच असावा, पांढऱ्या वाटीसारखा. स्वतःचे काही न मिसळणारा.” हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले होते. वऱ्हाडातून आलेल्या एका विद्यार्थिनीने ओडिया कथांचा अनुवाद केला होता. त्यातली माणसे वऱ्हाडी बोलत. “भांड्याचा वास येतो,” असा शेरा मारून मी तिला सारे प्रमाण मराठीत पुन्हा लिहावयास लावले. तिने निमूटपणे लिहिले, पदवी घेतली. पुढे अनुवाद केला नाही.

बाईंनी मान हलवली. आठव्या शतकात लू यू याने चहावरील आपल्या ग्रंथात शिंगच्या पांढऱ्या वाटीपेक्षा युएची हिरवट वाटी श्रेष्ठ ठरवली. पांढरीत चहा तांबडा दिसतो, ही त्याची तक्रार. सोंग काळात चहाची पूड घुसळून पांढरा फेस आणीत, तेव्हा फुजियानमधील काळ्या वाट्यांना मान मिळाला. 1391 मध्ये मिंग सम्राटाने खंडणीत दाबलेल्या चहाऐवजी सुटी पाने मागितली. सुट्या पानांचा चहा रूढ झाला आणि पांढरी वाटी पुढे आली. “तुम्हाला वाटते तिला रंग नाही,” बाई म्हणाल्या. “तिचा रंग आजच्या चहाला मानवतो, इतकेच.”

माझे प्रमाण मराठी हीही अशीच एक पांढरी वाटी होती. माझ्या चहाला ती मानवत होती आणि त्या मुलीचा चहा मी तिच्यात तांबडा ठरवला होता. वाटप माझ्या हाती होते; न्यायाचा पेला मात्र मी वापरला नव्हता.

परतल्यावर तिला पत्र लिहिले. क्षमा मागितली आणि पहिला खर्डा असल्यास पाठव, अशी विनंती केली. अद्याप उत्तर नाही. बाईंनी दिलेली गायवान मेजावर आहे. रोज सकाळी तिच्यात पाणी ओतते. काठ मोकळा ठेवून.