न घेतलेलं तिकीट

"विमानाचं इंजिन?" "नाही." "पंख?" "नाही गं." "मग?" "लोक कुठल्या फ्लाइटचं तिकीट काढतात, ते." मिनी-प्रोजेक्टचा विषय सांगितला की गप्पा इथेच संपतात. माझी रूम पार्टनर म्हणाली, "त्यात मॉडेल कसलं? स्वस्त असेल ते!"

तसं नसतं हो. भाडं, एकूण वेळ, थांबे, सुटायची वेळ, प्रत्येकाला एक वजन द्यायचं आणि बेरीज करायची. या बेरजेला युटिलिटी म्हणतात. पण माणूस काही दर वेळी जास्त बेरजेचंच तिकीट घेत नाही, म्हणून शक्यता काढायची. दोन फ्लाइट्सच्या बेरजेत १ चा फरक असेल, तर लॉजिट मॉडेलप्रमाणे ७३ टक्के लोक एकीकडे, २७ दुसरीकडे. या कामासाठी डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू व्हायच्या आधी, कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोक तिने जातील असा त्यांचा अंदाज होता. सरकारी अंदाज १५ टक्क्यांचा. प्रत्यक्षात गेले ६.२!

मॉडेलची गोचीही आहे. सकाळी आठची फ्लाइट असताना सव्वाआठची आणली, तर ती आठवालीचेच प्रवासी पळवणार ना? साधं लॉजिट म्हणतं, संध्याकाळचीचेही त्याच प्रमाणात पळवेल. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ असे गट पाडायचे. त्यात माझ्या दोन रात्री गेल्या.

मग वेळेच्या वजनाला भाड्याच्या वजनाने भागलं, की एका तासाची किंमत रुपयांत येते. इथे मी अडकले.

गेल्या वर्षी आजी आयसीयूत होती. दादा ह्यूस्टनला एमएस करतोय, डोक्यावर लोन. त्याच्यासमोर दोन तिकिटं होती. एकात दोन तासांचा थांबा, दुसऱ्यात अकरा तासांचा, पण बावीस हजारांनी स्वस्त. बाबा फोनवर म्हणाले, "स्वस्तातलं घे रे, आजी बरी आहे आता." त्याने घेतलं. तो घरी पोचला तेव्हा आम्ही स्मशानातून येऊन आंघोळी करत होतो. त्याला कोणी काही बोललं नाही. बाबाही नाहीत.

नऊ तास, बावीस हजार. कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, २४४४ आले. म्हणजे मॉडेलच्या लेखी दादाचा तास याहून स्वस्त. बाबांच्या फोनला त्यात कॉलमच नाही. मी क्लिअर दाबलं.

ओरलला सरांनी नेमकं विचारलं, "बुकिंगच्या डेटात फक्त घेतलेलं तिकीट असतं. न घेतलेले पर्याय कुठून आणणार?" मी म्हटलं, "त्या दिवसाच्या टाइमटेबलवरून जुळवायचे, सर." मार्क बरे पडले.

रविवारी दादाचा फोन आला. प्रोजेक्टचं सांगता सांगता मी सहज विचारलं, "ती दुसरी फ्लाइट कितीची होती रे?" त्याने एका दमात नंबर सांगितला, सुटायची वेळ सांगितली, मुंबईला उतरायचीही. मग म्हणाला, "जेवलीस का?"