शब्द कळत नाहीत, तेच बरं!

आपल्याकडे गाणं म्हणजे आधी शब्द. यशवंत देवांनी तर 'शब्दप्रधान गायकी' नावाचं पुस्तकच लिहून ठेवलंय. आमच्या घरी हा कायदाच होता. रविवारी सकाळी बाबा अरुण दाते लावायचे आणि मधेच 'बघ, काय लिहिलंय!' म्हणत चहाचा कप हवेत धरून बसायचे.

२०२३च्या उन्हाळ्यात बाबा गेले. त्यानंतर प्रॉब्लेम असा झाला, की ज्या गाण्याचे शब्द कळायचे ते गाणं हमखास बाबांचं निघायचं. रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, शेजारच्या रेडिओवर... सगळीकडे. माझी प्लेलिस्ट पार बंद. मी फ्रीलान्सर, शब्द मोजून पैसे मिळवणारी. संध्याकाळी शब्दच नको व्हायचे.

अशात भावाच्या लॅपटॉपवर हित्सुजीबुंगाकू भेटले. तो 'जुजुत्सु कायसेन' या अ‍ॅनिमेचा दुसरा सीझन बघत होता. शिबुयाच्या भागांमध्ये एपिसोड संपताना एक गाणं लागायचं, 'मोअर दॅन वर्ड्स'. नाव इंग्रजी, गाणं जपानी, मला कळलेलं जवळजवळ शून्य. पण भावाने लॅपटॉप बंद केला तेव्हा मी त्याला म्हटलं, 'ए, परत लाव ना!'

बँडच्या नावाचा शब्दशः अर्थ 'मेंढी-साहित्य'. (हसा, मीही हसले होते.) गाणारी आणि गिटार वाजवणारी मोएका शिओत्सुका. संगीताचा प्रकार शूगेझ. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधले काही गिटारवाले पायाशी ठेवलेल्या इफेक्ट्सच्या पेडल्सकडे बघत वाजवायचे. समीक्षकांनी चिडवलं, हे तर बूट न्याहाळतायत! तेच नाव पडलं. या प्रकारात गिटारच्या गोंगाटात आवाज विरघळून जातो. कांजूरला राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. इथे फास्ट लोकल थांबत नाही. ती धडधडत गेली की फोनवरच्या माणसाचं वाक्य बुडतं, नुसता आवाजाचा सूर उरतो. हित्सुजीबुंगाकूमध्ये मोएकाचा आवाज त्या धडधडीतून वर येतो, एवढाच फरक. कित्येक महिने मी त्यावरच जगले. त्या आवाजात बाबांची एकही आठवण नव्हती, म्हणून त्यात निवांत रडता यायचं.

मग त्यांची जुनी गाणी शोधली. त्यात 'हिकारु तोकी' सापडलं. नाओको यामादाने दिग्दर्शित केलेल्या 'हेइके मोनोगातारी' या २०२२च्या अ‍ॅनिमेचं हे शीर्षकगीत. मूळ कथा हेइके घराण्याच्या पाडावाची. अंध कलावंत बिवा नावाच्या तंतुवाद्यावर ती शतकानुशतकं गात आले. तिची सुरुवात होते गिओनच्या मठातल्या घंटेने, आणि ती घंटा सांगते की इथे काहीच टिकत नाही. हे गिओन म्हणजे कोण, तर आपल्या श्रावस्तीचं जेतवन, बुद्ध जिथे राहिले ते! घंटा इथलीच, माझ्यापर्यंत आली जपानहून.

पहिल्याच दिवशी हा अर्थ कळला असता तर मी नक्की 'स्किप' दाबलं असतं. तुमच्याकडेही सध्या स्किप होणारी गाणी असतील, तर एखादी परकी भाषा शोधून बघा.

अरुण दाते? अजून नाही जमत. पण परवा स्वयंपाकघरात हेच लावलं होतं, तर आईने विचारलं, 'काय म्हणतेय गं ती?' वाचलं होतं तेवढं सांगितलं.

'म्हणजे आपल्यासारखंच की,' आई म्हणाली, आणि ओला हात पदराला पुसून तिने आवाज थोडा वाढवला.