जुन्या जीपमध्ये बसलेल्या माणसाची किंमत

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा. हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असतं, कारण नाक्यावरचा पोलिस पहिला तोच कागद मागतो. पण हा 'तृतीय पक्ष' म्हणजे नेमका कोण, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विचारला? आम्हीही तो विचारला तो एका जुन्या जीपमुळे.

निडीत आमच्या संस्थेकडे एक जीप आहे. महिंद्रा एमएम ५४०, डिझेल, १९९४ची, एमएच-०६ पासिंग. गावातले तिला 'खटारा' म्हणतात. फार्महाऊसवर येणारे मुंबईकर 'क्लासिक' म्हणतात आणि विकता का म्हणून विचारतात. आम्हाला ती लागते ती डांबर संपतं तिथून पुढे. पावसाळ्यात कातकरी वाडीवरून बाळंतीण रोह्याच्या सरकारी दवाखान्यात आणायची, जातीच्या दाखल्यासाठी चार म्हाताऱ्यांना तहसीलला न्यायचं, भट्टीवर गेलेल्या कुटुंबाची पोरं शाळेत परत आणायची, ही तिची कामं. १०८ची रुग्णवाहिका डांबरापर्यंत येते. त्यापुढचा चिखल आमचा. तिथे नवी चकचकीत गाडी उपयोगाची नाही, आणि ती घ्यायला आमच्याकडे पैसेही नाहीत.

आता पार्टचं सांगतो, कारण अनेक तालुक्यांतले कार्यकर्ते अशाच गाड्या ओढत आहेत. या जीपचा वंश विलिस जीपचा, आणि सांगाडा वर्षानुवर्षं फार बदलला नाही. त्यामुळे एका मॉडेलचं पुष्कळसं सामान दुसऱ्याला बसतं. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, हबचं सामान, कमानपाटे यांची ददात नाही. पाटे तर महामार्गावरचे पाटेवाले भट्टीत तापवून बाक देऊन देतात. अडतं ते इंजिनाशी. एमएम ५४०चं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन मूळ प्यूजो कंपनीच्या रचनेचं, आणि त्याचं सामान दुकानदार आता ठेवत नाहीत. थंडीत हीटर प्लग गेला की गाडी ढकलूनच चालू करायची.

आमचा मार्ग ठरलेला आहे. रोह्याहून येणारी दिवा गाडी निडीला पकडायची, दिव्याहून लोकलने कुर्ला. तिथल्या भंगार बाजारात जुना पार्ट पिशवीतून सोबत न्यायचा; तोंडी वर्णनावर कुणी काही काढून देत नाही. नवं सामान ऑपेरा हाऊसच्या दुकानांत, नाहीतर पुण्यात नाना पेठेत. एक गोष्ट आमच्या मिस्त्रींनी शिकवली. बेअरिंग आणि ऑइल सीलवर नंबर कोरलेला असतो. 'जीपचं बेअरिंग द्या' म्हटलं की भाव वेगळा. नंबर लिहून साध्या बेअरिंगच्या दुकानात गेलं की तेच बेअरिंग स्वस्तात मिळतं. हे मिस्त्री सातवी शिकलेले, आपल्याच वस्तीतले. आवाजावरून नोझल खराब की पंप, हे सांगतात. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलं, श्रम आणि ज्ञानाची फारकत पुस्तकात वाचली. इथे ती रोज ऑइलने माखलेली दिसते. या ज्ञानाला ना प्रमाणपत्र, ना पगारवाढ.

ब्रेकचं सामान मात्र जुनं कधी घ्यायचं नाही. गिअरबॉक्सचं घर, एक्सलचं घर, दरवाजे भंगारातले चालतात. मास्टर सिलिंडर, ब्रेक शू, होज पाइप नवेच. आणि कुर्ल्यातून अख्खं इंजिन उचललं तर बिल घ्या आणि आरटीओकडून आरसी बुकात इंजिन नंबर बदलून घ्या. नंबर जुळला नाही तर अपघातानंतर कंपनी सगळ्यात आधी तेच दाखवते.

जीप उभी राहिली की प्रश्न येतो विम्याचा. एका कंपनीने पूर्ण विमा, म्हणजे पॅकेज पॉलिसी, द्यायला सरळ नकार दिला. कारण काय, तर गाडी पंधरा वर्षांवरची, तिची किंमत निघत नाही. पाच वर्षांनंतर गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. इथे एका बाजूने चर्चाच बंद. उरली फक्त तृतीय पक्षाची पॉलिसी. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १५०० सीसीवरच्या खासगी मोटारीला त्यासाठी वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. कुठल्याही महागड्या एसयूव्हीला जो दर, तोच आमच्या खटाऱ्याला.

आता खरी मेख. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या बालकृष्णन खटल्यात फरक स्पष्ट केला आहे. पॅकेज पॉलिसी असेल तर खासगी गाडीत बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येते. निव्वळ कायद्यापुरती पॉलिसी असेल तर येत नाही. म्हणजे आमची जीप घाटात कलंडली, तर रस्त्याने चालणाऱ्या माणसाला भरपाई मिळेल. आत बसलेली बाळंतीण, तिची सासू, सोबतची आशाताई यांच्यासाठी कंपनीची जबाबदारी नाही. दावा येईल तो संस्थेवर, आणि संस्थेची मालमत्ता म्हणजे ही जीप आणि पंचवीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पत्र्याची किंमत शून्य धरली म्हणून आत बसलेल्या माणसाचीही शून्य धरायची, हा कुठला हिशेब?

कंपनीवाले म्हणतील, जुनी गाडी, धोका जास्त. मान्य, मग पत्र्याची भरपाई नका देऊ. आम्ही ती मागतही नाही. प्रवाशाच्या जिवाची जबाबदारी पत्र्याच्या किमतीला का बांधली, एवढंच विचारतो. गाडी खरंच धोकादायक असेल तर पासिंग करताना थांबवा. तिथे तपासून, नोंदणी नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर घेऊन, सरकारच तिला रस्त्यावर सोडतं.

दुसरीकडे सवलत कुणाला आहे ते पाहा. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, ती रोजच्या वापरात आणायची नाही, आणि तृतीय पक्षाच्या हप्त्यात निम्मी सूट. क्वचितच रस्त्यावर येते म्हणून सूट, हा तर्क आम्हाला कळतो. पण गंमत पाहा: जुनी वस्तू शोभेसाठी ठेवली तर वारसा, कामाला जुंपली तर भंगार. आमची जीप २०४४मध्ये विंटेज होईल, तेव्हा वाडीवर जाणं मात्र सोडावं लागेल!

आपल्या चळवळीत विमा हा एजंटांचा विषय समजतात. बाबासाहेबांनी तो तसा समजला नव्हता. १९४७मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली. मूलभूत उद्योग आणि शेती यांच्या रांगेत विमा! ज्याच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, त्याच्यावर संकट कोसळलं की तो थेट सावकाराच्या दारात जातो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुढे १९५६मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा अर्थमंत्री होते ज्यांचं बालपण आमच्या रोह्यात गेलं ते सी. डी. देशमुख. मोटार विम्यासह सर्वसाधारण विमा १ जानेवारी १९७३ला सरकारकडे आला. १९९९च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि २०२१मध्ये सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांत किमान ५१ टक्के हिस्सा सरकारचाच असावा ही अटही निघाली. सरकारी कंपन्यांचा कारभार फार चांगला होता असं आम्ही म्हणत नाही. पण तिथे जाब विचारायला संसद होती.

तोवर काय करायचं? पॉलिसी हातात आली की 'वापराची मर्यादा' हा रकाना वाचा. डिझेलसाठी वीस-वीस रुपये गोळा केले तरी 'भाड्याने वापर' ठरवून कंपनी हात झटकू शकते, म्हणून आम्ही जीपमध्ये पैसे घेणं बंद केलं. वर्गणी घेतो ती वर्षातून एकदा, पावती देऊन. गाडी संस्थेच्या नावावर असेल तर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा लागू होत नाही, तेव्हा पगारी ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी वेगळी लिहून घ्या. जादा हप्ता किरकोळ असतो. आणि 'अनामिक प्रवासी अपघात विमा' मागा. माणशी कमाल दोन लाखांचा आहे, तुटपुंजा आहे, पण शून्य नाही. आम्हाला तो ऑनलाइन अर्जात सापडला नाही. शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा मिळाला.

पॅकेज पॉलिसीसाठी यंदा तीन कंपन्यांना पत्रं दिली आहेत: नकार देणार असाल तर कारणासह लेखी द्या. एकीचं उत्तर आलं, त्यात कारण नाही. ते पत्र जोडून आता विमा नियामकाकडे तक्रार करतो आहोत. ज्यांच्याकडे अशा जुन्या गाड्या आहेत त्यांनी आपापले नकार जपून ठेवावेत आणि आम्हाला कळवावं. एकट्या निडीच्या जीपकडे कोण बघणार?