सव्वापट

आमच्या घरांत सध्यां कोणाचें लग्न ठरावयाचें नाहीं. तरीहि गेला पंधरवडाभर जेवणाच्या टेबलावर स्थळांची चिकित्सा चालावी तशी चर्चा चालू आहे. उमेदवार दोन आहेत, दोन्ही तैवानचे. दोघांच्याहि कुंडल्या, म्हणजे तांत्रिक तपशिलाचे कागद, आमच्या चिरंजीवांनीं छापून आणले असून आमटीच्या वाफेनें ते आतां कडेला मऊ पडले आहेत. चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहेत आणि त्यांस स्वतःच्या हातानें संगणक जुळवावयाचा आहे. त्याकरितां मदरबोर्ड कोणता घ्यावा, एवढाच प्रश्न. मदरबोर्ड म्हणजे संगणकाचीं सारीं इंद्रियें जिच्यावर बसवितात ती पाटी. ‘मातृफलक’ हा प्रतिशब्द आम्हीं सुचवून पाहिला. परंतु तो ऐकून सौभाग्यवतींनीं वाढतां वाढतां जी नजर टाकली, तीवरून तो प्रचारांत येण्याची आशा आम्हीं सोडली आहे.

वाद आहे तो असा. एका पाटीवर ‘बी-६५०’ जातीचा चिपसेट आहे, दुसरीवर ‘एक्स-६७०’ जातीचा. दोहोंवर ए. एम. डी. चा एकच प्रोसेसर बसतो, आणि नेमून दिलेल्या गतीनें तो चालविल्यास दोहोंच्या कामांतील अंतर घड्याळ लावूनहि नीट दिसावयाचें नाहीं. अंतर आहे तें वीज पुरविण्याच्या व्यवस्थेंत. पेटींतून येणारी वीज १२ व्होल्टची. प्रोसेसरला हवी सव्वा व्होल्टच्या आसपास. हा उतार पाटीवरच करावा लागतो. दीडशें वॅट खाणारा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर १२० अँपिअर ओढतो. आमच्या न्हाणीघरांतील २००० वॅटच्या गीझरला ९ अँपिअरहि लागत नाहींत! हा लोंढा एकाच वाटेनें नेला तर वाट जळून जाईल. म्हणून तो आठ, बारा, सोळा वाटांनीं आळीपाळीनें नेतात. वाटा जितक्या अधिक व चांगल्या, तितकी प्रत्येकीस ऊब कमी व पुढचा दाब निश्चल. महाग पाटीचा हा गुण खरा आहे. तो आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु चिरंजीवांस ती निश्चलतेकरितां नको आहे. त्यांस ‘ओव्हरक्लॉकिंग’ करावयाचें आहे. म्हणजे कारखान्यानें प्रोसेसरला जी गति नेमून दिली, तीपेक्षां अधिक गतीनें त्यास पळवावयाचें आहे. कल्पना अगदींच खुळी नाहीं. एकाच चकतींतून कापलेले तुकडे सारखे निघत नाहींत. कारखानदार त्यांची पारख करून, हातचें राखून, प्रत्येकावर गतीचा शिक्का मारतो. तें हातचें राखलेलें आपल्या पदरांत पाडून घ्यावें, एवढाच हा उद्योग.

चिरंजीवांच्या आग्रहास्तव या विषयावरील कांहीं परीक्षणें आम्हीं वाचलीं. पुस्तकांचीं परीक्षणें लिहिण्यांत आमचीं वीस वर्षें गेलीं, त्यामुळें परीक्षकाची अडचण आम्हांस चटकन कळते. सर्व पाट्यांची गति जवळजवळ सारखीच, तेव्हां बिचाऱ्यानें लिहावें काय? म्हणून कोणती पाटी मर्यादेबाहेर किती जाते, हें तो मोजतो. कारण तो आंकडा एका दुपारींत हातीं येतो. स्थैर्य मोजावयास तीन वर्षें लागतात, आणि परीक्षकाजवळ पाटी असते आठवडाभर. शिवाय स्थिर पाटीविषयीं लिहिण्यासारखें कांहींच घडत नाहीं, हाच तिचा गुण. स्थैर्याची परीक्षा म्हणून ‘प्राइम-९५’ नांवाचें गणित रात्रभर चालवितात. मर्सेन मूळ संख्यांच्या शोधाकरितां जॉर्ज वोल्टमन यांनीं १९९६ सालीं जो उपक्रम सुरू केला, त्यांतलें हें साधन. उत्तरें आधींच ठाऊक असलेलीं गणितें घालावयाचीं. एक जरी चुकलें तरी यंत्र नापास. परीक्षा कडक खरी. पण ती एका रात्रीची. आणि पुण्यांतला मे महिना हा अभ्यासक्रमाबाहेरचा भाग!

“बाबा, तुम्ही उगाच भितां,” चिरंजीव म्हणाले, “कारखान्याचे आंकडे तरी कुठं देववाणी आहेत?” आणि त्यांनीं २०२४ सालचें उदाहरण पुढें केलें. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं प्रोसेसर मध्येंच कोलमडूं लागले तेव्हां आरंभीं बोट पाट्यांकडे गेलें, कारण कित्येक पाट्या मूळच्याच मांडणींत विजेची मर्यादा सैल सोडून येत. पुढें इंटेलनेंच सांगितलें कीं, प्रोसेसरांतला मायक्रोकोड गरजेपेक्षां अधिक व्होल्टेज मागत होता, आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. उदाहरण चिरंजीवांचें, पण तें आमच्याच बाजूस अधिक शोभतें. असो.

आमचा विरोध वाचनांतून आलेलाच नाहीं. १९९९ च्या मार्चमध्यें आमच्या घरीं पहिला संगणक आला. तो जुळविला आमच्या धाकट्या बंधूंनीं. सामान आणलें मुंबईस लॅमिंग्टन रोडवरून, दोन खेपांत. त्या वेळीं तरुण मंडळींत एकच नांव दुमदुमत होतें: सेलेरॉन ३००-ए. इंटेलनें तो ऑगस्ट १९९८ मध्यें काढला. त्याचा गुणक साडेचारचा, कायमचा बांधलेला. पाटीची गति ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून प्रोसेसर ३०० चा. पाटी १०० वर लावली कीं प्रोसेसर ४५० चा! १२८ किलोबाइट कॅश त्याच्या पोटांतच असून त्याच्याच वेगानें धावे, त्यामुळें हा स्वस्तांतला गडी महागड्या पेंटियम-टूच्या पंक्तीस जाऊन बसे. पाट्यांचे तट दोन होते. एक एबिटच्या बी. एच.-६ चा, जींत पेटी न उघडतां पडद्यावरच्या तक्त्यांतून गति बदलतां येई. दुसरा असूसच्या पी-टू-बीचा, जींत त्याकरितां इवल्याशा टोप्या उपसाव्या लागत, पण जिच्या भरंवशाची वाखाणणी होई. दोहोंचा चिपसेट इंटेलचा ४४०-बी. एक्स. हाच. आमच्या घरांत कोणती पाटी शिरली तें आम्ही सांगत नाहीं, कारण अपराध तिचा नव्हता.

आमच्या वांट्याचा सेलेरॉन ४५० वर चालेना. विंडोजचें आभाळ दिसतें न दिसतें तोंच पडदा गोठे. व्होल्टेज थोडें चढवून पाहिलें, तरी तेंच. बंधु हिरमुसले. तेव्हां आम्हींच, होय, आम्हींच, म्हटलें कीं, “दीडपट नको, सव्वापट तरी कर.” सव्वा हा आंकडाच आपल्याकडे मोठा सोज्ज्वळ! ब्राह्मणाला दक्षिणा सव्वा रुपया, देवाला नवस सव्वा शेराचा. अतिलोभ नाहीं आणि कोरडेपणाहि नाहीं. पाटी ८३ वर लावली, प्रोसेसर पावणेचारशेंवर धावूं लागला, आणि मध्यम मार्गाचें समाधान आम्हीं तीन आठवडे उपभोगिलें.

त्याच संगणकावर आम्ही रोज सायंकाळीं वडिलांच्या आठवणी उतरवून घेत होतों. नाना सांगत, आम्ही टंकित करीत असूं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नाना नारायण पेठेंत राहत होते. घर गेलें, घराबरोबर आजोबांच्या वह्या, पत्रें, एकुलता एक फोटो, सारें गेलें. म्हणूनच नानांस तें कागदावर यावें असें वाटे. बेचाळीस पानें झालीं होतीं. फ्लॉपीवर उतरवून ठेविलेलीं फक्त पहिलीं अकरा.

एके दिवशीं फाईल उघडली तों अक्षरांच्या जागीं चौकोन. दुसऱ्या दिवशीं फाईलच दिसेना. डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामनें मोठ्या सौजन्यानें चुरा गोळा करून दिला, आणि त्यास ‘फाईल शून्य शून्य शून्य शून्य’ असें नांव ठेविलें.

कारण बंधूंस चार दिवसांनीं उमगलें. पिठाच्या गिरणींत एकाच दांड्यावर अनेक पट्टे फिरावे, तशी पाटीच्या गतीशींच डिस्कच्या वाटेची गति बांधलेली असे. ती ३३ मेगाहर्ट्झ असावी, हा दंडक. पाटी ६६ वर असतां तिचा निम्मा हिस्सा ३३; १०० वर असतां तिसरा हिस्सा, तोहि ३३. परंतु ८३ वर हिस्सा निम्माच राही, म्हणजे ४१ हून अधिक. दीडपट गति डिस्कला निर्धोक होती; घातक होती ती सव्वापट. तीन आठवडे ती डिस्क धापा टाकीत मधून मधून एखादें अक्षर चुकीचें लिहीत होती, आणि आम्ही पडद्याच्या चपळाईवर खूष होतों.

नानांस आम्हीं सांगितलें कीं, वीज गेली. “तरीच,” नाना म्हणाले, “पाण्याचं आणि विजेचं कांहीं सांगतां येत नाहीं. पुन्हां सांगतों, त्यांत काय!” त्यांनीं पुन्हां सांगितलें. पाटी तेव्हां ६६ वर आली होती. या खेपेस एकोणीस पानें झालीं. नाना २००४ सालीं गेले. त्यांस खरें कारण आम्हीं कधींच सांगितलें नाहीं.

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर तें चिरंजीवांस सांगितलें. घरांत इतकीं वर्षें तें बंधूंवांचून कोणास ठाऊक नव्हतें. सौभाग्यवती ताटें उचलतां उचलतां थांबल्या. चिरंजीवांनीं आतांच्या पाट्यांवर डिस्कची गति वेगळी बांधलेली असते, असें सांगावयास तोंड उघडलें, आणि मिटलें. मग त्यांनीं कुंडल्यांचे कागद एकावर एक ठेवून घडी घातली.

“दुसऱ्या वेळीं काय राहून गेलं, आठवतं का?”

एक आठवतें. शेजारच्या वाड्यांत एक वृद्ध गृहस्थ होते. पाणी गल्लींत शिरलें असतांना ते कुलूप शोधावयास परत आंत गेले, दाराला तें नीट लावलें, दोनदां ओढून पाहिलें, आणि मग निघाले. संध्याकाळीं वाड्याच्या जागीं चिखल होता आणि त्यांत उभी नुसती चौकट, कुलूप लागलेल्या दारासह. नानांनीं त्यांस ती दाखविली, तेव्हां त्यांनीं कनवटीची किल्ली चांचपून पाहिली.

“त्यांचं नांव काय, बाबा?”

नांव त्या पानांत होतें.