थोरातांचा कागद

कोल्हापूर संस्थानातल्या वडगावात १९०६ साली जन्मलेले शंकरराव थोरात लेफ्टनंट जनरल झाले आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष. यातलं पहिलं काम शौर्याचं, दुसरं मानाच्या खुर्चीचं, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. जानेवारी १९४५ मध्ये आराकान किनाऱ्यावर, कंगॉच्या लढाईत त्यांच्या पंजाबी पलटणीनं जपान्यांकडून ‘मेलरोझ’ टेकडी घेतली आणि त्यांना डीएसओ हा शौर्याचा सन्मान मिळाला; त्यापुढे आयोगाच्या उमेदवारांच्या याद्या फिक्याच दिसणार. मला मात्र त्यांच्या धैर्याची मोठी कसोटी ऑक्टोबर १९५९ च्या एका कागदात दिसते. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी लिहून दिलं, की चीननं नेफावर (आजच्या अरुणाचल प्रदेशावर) चढाई केली तर हाताशी असलेल्या फौजेला सीमा राखता येणार नाही. सीमेवरच्या चौक्या इशारा देण्यापुरत्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, रसद पोचेल अशा जागी द्यावी. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ या युद्धसरावात तेच त्यांनी बड्या अधिकाऱ्यांपुढे मांडलं. लष्करप्रमुख थिमय्यांना ते पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो नुसता बागुलबुवा वाटला. पुढे १९६२ चा ऑक्टोबर उजाडला आणि चीननं खरोखरच चढाई केली.

जो कागद सरकारनं मानला नाही त्याचं कौतुक कशाला, असं कोणी विचारेल. पण मानणं लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. वरच्याला न रुचणारा अंदाज कारणांसकट, स्वतःच्या सहीनं देणं एवढंच त्याच्या हातात असतं, आणि बढतीच्या वयात तेवढंही फार थोडे करतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निवृत्त सेनाधिकाऱ्याला लोकसेवा आयोगासारखं पद देणं ही सरकारची मेहेरबानी, आणि हुकूम सोडायची सवय जडलेला माणूस तिथं काय कामाचा? मेहेरबानीची शंका एरवी रास्तच असते. हुकमाच्या सवयीचं उत्तर मात्र कोरियात सापडतं. १९५३-५४ मध्ये, कोरियन युद्ध थांबल्यावर, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांवर युद्धकैद्यांची राखण थोरातांच्या भारतीय दलाकडे होती. हे कैदी कुणाचा हुकूम मानणारे नव्हते. त्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्यात गेले आणि गोळी न झाडता, बोलणी करून त्याला सोडवून घेऊन आले.

शिवाय सरकारी नोकरी कुणाला मिळावी हा प्रश्न कोल्हापूरच्या माणसाला परका नव्हता. थोरातांच्या जन्माआधी चार वर्षं, १९०२ मध्ये, शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. आयोग तरी काय करतो? नेमणूक सरकारच करतं; आयोग पारखतो आणि शिफारस लिहितो. म्हणजे थोरातांचं काम पुन्हा तेच: स्वतःची पारख कागदावर उतरवून वर पाठवायची. फरक एवढाच, की संविधानाच्या कलम ३२३ प्रमाणे आयोगाचा सल्ला सरकारनं डावलला तर त्याची कारणं विधिमंडळापुढे ठेवावी लागतात. १९५९ च्या त्या कागदामागे असं कुठलंच कलम उभं नव्हतं.