नांदूरघाटीं पियानो

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील नांदूरघाट हें आमचें गांव. बेभरवंशाचा पाऊस, आणि दसरा उलटला कीं ऊसतोडीस निघणारीं कुटुंबें, असें येथील वर्षचक्र. अशा गांवीं साठी उलटल्यावर पियानो शिकण्याचें आम्हीं मनांत आणिलें, तेव्हां “गुरुजी, घरांत पेटी असतां हें कशाला?” असें शेजाऱ्यांनीं विचारिलें. प्रश्न रास्त होता.

पेटी वाजवितांना डावा हात भात्यांत गुंततो व सुरांचें सर्व काम एकटा उजवा करितो. पियानोवर दोन्ही हात मोकळे. शिवाय पेटीचा जोर भात्यावर, तर पियानोचा बोटाच्या आघातावर अवलंबून. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें क्रिस्तोफोरी नामक कारागिरानें हें वाद्य घडविलें. मृदु व प्रबल असे दोन्ही नाद देणारें, म्हणून त्यास ‘पियानोफोर्ते’ हें इटालियन नांव पडलें.

परंतु खऱ्या पियानोस दोनशेंहून अधिक तारा. उन्हाळ्यांत लाकूड आकसतें, पावसाळ्यांत फुगतें, आणि सूर जुळविणारा कारागीर वरचेवर बोलवावा लागतो. डिजिटल पियानोंत तारा नसतात. खऱ्या पियानोचे मुद्रित नाद सांठविलेले असतात. त्यामुळें सूर उतरण्याचें भय नाहीं.

इतकें ठरवून आम्ही एस. टी. नें बीड, अहिल्यानगर करीत पुण्यास गेलों. दुकानांत प्रथम ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुढें आला. शेंकडों वाद्यांचे आवाज, तयार ताल, आणि किंमतही कमी! मात्र पट्ट्या स्प्रिंगच्या, पेटीसारख्या हलक्या. शेजारीं ८८ पट्ट्यांचें एक साधें वाद्य होतें. आवाज मोजके, परंतु पट्ट्यांस हातोडीचा भार दिलेला, खर्जाकडे जड व वरच्या सप्तकांकडे हलका होत जाणारा. वजन अवघें दहाबारा किलो; किंमत आमच्या सव्वा महिन्याच्या निवृत्तिवेतनाएवढी.

“आजोबा, नवशिक्यास हलकेंच बरें,” असें दुकानदार म्हणाला. आम्हांस तें पटलें नाहीं. हलक्या पट्टीची संवय झालेलीं बोटें पुढें जड पट्टीवर अडखळतात. मुलास मागाहून दुसरें वाद्य घेतां येतें. आमच्या वयास दुसरी खरेदी कोठली? आम्हीं दोन्हींवर एकच पट्टी आधीं हळू, मग जोरानें दाबून पाहिली, आणि ८८ पट्ट्यांचें वाद्य घेतलें.

ज्यांस असा विचार करावयाचा आहे त्यांनीं आणखी तीन गोष्टी पाहाव्या. पायानें दाबावयाचें पेडल व घडवंची यांचा खर्च निराळा पडतो काय, तें आधीं विचारावें. वीज जाणाऱ्या गांवीं सेलांवर चालणारा नमुना मिळतो, तो पसंत करावा. हेडफोनची सोय अवश्य असावी. त्यामुळें पहाटे घरच्या मंडळींची झोप न मोडतां अभ्यास होतो.

पेटी आम्हीं काढून टाकिली नाहीं. एकादशीच्या भजनास तीच लागते. डावा हात मात्र तेथेंही आतां भात्यावर स्वस्थ बसत नाहीं.