खाण आणि बाजार

दरवर्षी जून उजाडला की आमच्या फुटबॉलवेड्या मित्रांच्या हाती याद्या येतात. अमक्या क्लबाने ब्राझीलचा तो आघाडीपटू घ्यावा, तमक्याने डाव्या बगलेसाठी पोर्तुगालमधून कोणी आणावा, किंमत किती, कुणाला विकून ती भागवावी, असे सारे त्या याद्यांत असते. या खेळात आम्हाला मात्र घेत नाहीत, कारण आमची यादी वीस मिनिटांत संपते. आम्ही बिल्बाओच्या ॲथलेटिक क्लबचे चाहते आहोत, आणि या क्लबात फक्त बास्क खेळाडू खेळतात.

हे प्रेम जडले २०१२च्या मार्चमध्ये. मार्सेलो बिएल्साच्या हाताखालील ॲथलेटिकने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३-२ असे हरवले, ती रात्र आम्ही दूरचित्रवाणीसमोर जागून काढली. प्रतिपक्षाला श्वास घेऊ न देणारा तो खेळ पाहून दुसऱ्या दिवशी खेळाडूंची गावे शोधू लागलो, तर सगळी गावे नकाशावर एका तळहाताखाली मावणारी निघाली. त्या मोसमात संघ दोन अंतिम सामन्यांत पोचला आणि दोन्ही ०-३ असे हरला. पण तोवर आमचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

क्लब १८९८चा. स्थापनेत इंग्रजांचा मोठा हात, पहिले खेळाडूही बरेचसे इंग्रज. 'फक्त आपलेच' हा दंडक साधारण १९१२पासूनचा. स्पेन आणि फ्रान्स मिळून ज्या सात प्रांतांना बास्क भूमी मानतात त्यांची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे २०११च्या जनगणनेतील पुणे शहराएवढी. एवढ्या वस्तीतून संघ उभा करून या क्लबाने ला लिगा आठ वेळा जिंकली आहे, आणि १९२९मध्ये ती सुरू झाल्यापासून तो एकदाही खालच्या श्रेणीत घसरलेला नाही. हा मान त्याच्याखेरीज फक्त रेआल माद्रिद आणि बार्सेलोना यांचा. शेजारच्या रेआल सोसिएदादनेही असाच दंडक पाळला होता. १९८९मध्ये लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजला करारबद्ध करून त्यांनी तो सोडला.

आता खरी अडचण. आम्ही महाराष्ट्रात वाढलो. 'भूमिपुत्र' हा शब्द आमच्या कानांवर बालपणापासून पडत आला आहे, आणि त्या शब्दामागोमाग रस्त्यावर जे येते त्याची आम्हाला धास्ती वाटते. आमचा एक मित्र, साहित्याचाच प्राध्यापक, दरवर्षी हाच टोला हाणतो: "इथे ज्याच्या नावाने नाक मुरडता, तेच बिल्बाओत पाहिले की टाळ्या वाजवता." आरोप वजनदार आहे, आणि 'खेळ निराळा, राजकारण निराळे' असे म्हणून तो उडवून लावणे आम्हाला लबाडीचे वाटते. फ्रँकोच्या काळात जिथे बास्क भाषेवर बंदी होती, तिथे फुटबॉल राजकारणापासून निराळा राहिला असे कोण म्हणेल?

पण फरक आहे, आणि संघबांधणीच्या तपशिलात शिरल्याशिवाय तो दिसत नाही. आपल्याकडील मागणी दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या कचेरीत आपली माणसे घ्या अशी असते. बिल्बाओचा दंडक क्लबाने स्वतःला लावून घेतला आहे आणि त्याचे नुकसानही तोच सोसतो. स्पॅनिश फुटबॉलमध्ये तरुण खेळाडू घडवण्याच्या व्यवस्थेला 'कांतेरा' म्हणतात. मूळ अर्थ दगडांची खाण. बाजारात जायला मनाई असलेल्या माणसाला खाणीतच उतरावे लागते. लेझामा येथील प्रशिक्षणकेंद्र १९७१मध्ये उभे राहिले, आणि आमच्या मते या क्लबाची खरी संघबांधणी तिथेच, बारा-तेरा वर्षांच्या मुलांमध्ये चालते.

दंडक कोणा ऋषीने सांगितलेला नाही. त्याच्यावर भाष्ये होत गेली आहेत, आणि आपल्या वाचकांना संहितेपेक्षा भाष्यात काय घडते याचे कुतूहल अधिक असणार. 'बास्क' म्हणजे तिथे जन्मलेला की तिथे घडलेला? आफ्रिकेतील स्पॅनिश वसाहतीत जन्मलेला मिगेल जोन्स बिल्बाओतच लहानाचा मोठा झाला, तरी ॲथलेटिकने त्याला घेतले नाही. १९५९मध्ये तो अॅटलेटिको माद्रिदकडे गेला आणि तिथे नावारूपाला आला. कारण जन्मस्थानाचे की कातडीच्या रंगाचे, यावर अजून वाद घातला जातो. कारण काहीही असो, त्या नकाराचे समर्थन आम्ही करणार नाही. पुढे भाष्य सैलावत गेले. १९९६मध्ये फ्रेंच बाजूचा बिशेंत लिझाराझू आला. २०१८मध्ये क्रिस्तियान गानेआ हा रुमानियात जन्मलेला पण बिल्बाओजवळच्या बासाउरीत वाढलेला खेळाडू आला. आणि या सगळ्यांपेक्षा मोठे उदाहरण इन्याकी विल्यम्सचे. आईवडील घानाचे; सहारा वाळवंट पायी तुडवत स्पेनमध्ये पोचले. मुलाचा जन्म १९९४मध्ये बिल्बाओत झाला आणि मदत केलेल्या धर्मगुरूचे नाव त्याला दिले गेले. एप्रिल २०१६ ते जानेवारी २०२३ या काळात त्याने ला लिगाचे सलग २५१ सामने खेळण्याचा विक्रम केला. मिगेल जोन्सचे उत्तर देण्यास क्लबाला साठ वर्षे लागली असे म्हणा हवे तर. मित्राला आम्ही हेच सांगतो, आणि तो म्हणतो की एका कुटुंबावरून सिद्धान्त मांडू नये. हेही खरेच.

उलट, सैल भाष्याचा एक नमुना आम्हाला पटत नाही. आयमेरिक लापोर्त आजाँचा. आजाँ कोणत्याही नकाशावर बास्क प्रांतात नाही. त्याला बास्क ठरवण्यासाठी आधी बायोनच्या क्लबात ठेवले आणि मग २०१०मध्ये लेझामात आणले. खेळाडू अव्वल, यात शंका नाही. पण चाणाक्ष मुलगा आधी हेरायचा आणि नंतर त्याच्यासाठी नियमाची पूर्तता करून घ्यायची, हा वकिली कावा झाला. सप्टेंबर २०२५मध्ये तो परतला तेव्हा आम्हाला आनंद झाला हेही नोंदवतो. तोवर तो खरोखरच तिथला झाला होता.

पैशाचा प्रश्न इथे उलटा पडतो. स्पेनमध्ये बहुतेक खेळाडूंच्या करारात सुटकेची एक रक्कम लिहिलेली असते. ती भरली की तो मोकळा. ॲथलेटिक घासाघीस करत नाही, त्या रकमेकडे बोट दाखवते. जानेवारी २०१८मध्ये मँचेस्टर सिटीने लापोर्तसाठी साडेसहा कोटी युरो मोजले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेल्सीने गोलरक्षक केपासाठी आठ कोटी, गोलरक्षकाला तोवर कुणी न दिलेली किंमत. दुसऱ्या क्लबाने एवढ्या पैशात अर्धा संघ नवा केला असता. ॲथलेटिकच्या तिजोरीत पैसे होते आणि विकत घेण्याजोगी माणसे मोजून दहा-पंधरा, तीही कोण हे साऱ्या स्पेनला ठाऊक. मग दुकानदार भाव वाढवणारच. लापोर्त गेल्यावर लगेच रेआल सोसिएदादच्या इन्यीगो मार्टिनेझसाठी तीन कोटी वीस लाख मोजावे लागले, आणि २०२३मध्ये तो करार संपवून फुकटात बार्सेलोनाला गेला.

आमची खरी तक्रार इथेच आहे. खाणीचे गोडवे गाणारा क्लब शेजाऱ्यांच्या खाणीतही पहार चालवतो. नवार प्रांत बास्क भूमीत मोजला जातो. त्याची राजधानी पांप्लोना, आणि तिथला क्लब ओसासुना, खिशाने कितीतरी हलका. २००६मध्ये ओसासुनाच्या पहिल्या संघातून एकही सामना न खेळलेल्या सतरा वर्षांच्या हावी मार्टिनेझला ॲथलेटिकने साठ लाख युरो भरून उचलले. २०१२मध्ये बायर्न म्युनिकने त्याच्यासाठी चार कोटी दिले. ६ एप्रिल २०२४च्या रात्री, म्हणजे आपल्या पहाटे, ॲथलेटिकने मायोर्काला पेनल्टींवर हरवून चाळीस वर्षांनी कोपा देल रे जिंकला. बरोबरीचा गोल ओइहान सान्सेटचा, पांप्लोनाचा. निर्णायक पेनल्टी आलेक्स बेरेंगेरची, पूर्वाश्रमीचा ओसासुनाचा. कर्णधार मुनियाइन पांप्लोनाचा. इन्याकीचा धाकटा भाऊ निको, तोही तिथेच जन्मलेला. नेर्वियोन नदीतून विजयाचा पडाव निघाला तेव्हा दोन्ही काठांवर लाखोंनी माणसे होती. आम्ही ती चित्रे पाहून सद्गदित झालो, आणि त्या सकाळी ओसासुनाच्या चाहत्याला काय वाटले असेल हा विचारही डोक्यातून जाईना. स्वतःवर बंधन घालून घेणे थोर खरे. पण त्या बंधनाचा भार दुबळ्या शेजाऱ्यावर पडत असेल तर निदान बदल्यात भरघोस द्यावे. ओसासुनाचा मुलगा न्यायचा तर त्याच्या पुढल्या विक्रीतला वाटाही ओसासुनाला मिळावा, असे आमचे मत.

सरतेशेवटी गोल करणाऱ्याचा प्रश्न. गोलरक्षकांची या भूमीत परंपराच आहे: इरिबार, झुबिझारेटा, केपा, उनाई सिमोन. बचावपटूही पिकतात. पण गोल करणारा पिढीतून एखादाच निपजतो. अरित्झ अदुरिस २०१२मध्ये एकतिसाव्या वर्षी परत आला आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी बार्सेलोनाविरुद्ध त्याने हवेत उलटे होऊन गोल केला. २०२०मध्ये तो निवृत्त झाल्यापासून ती जागा पोकळच आहे. इथे आमची यादी चालू होते आणि वीस मिनिटे पुरत नाहीत, कारण ती बाजारातली यादी नसते; खालच्या श्रेण्यांत कोण धूळ खात पडले आहे याची असते. गोर्का गुरुसेता असाच, आमोरेबिएतासारख्या लहान क्लबात जाऊन २०२२मध्ये परतला आणि २०२३-२४मध्ये त्याने लीगमध्ये १४ गोल केले. जानेवारी २०२५मध्ये मारोआन सन्नादी आला: जन्म व्हितोरियाचा, आईवडील मोरोक्कोचे, आणि तोवर तिसऱ्या श्रेणीत बाराकाल्दोकडून खेळणारा. बाराकाल्दो म्हणजे बिल्बाओच्या नदीकाठचेच गाव, सान मामेसपासून काही किलोमीटरवर. मित्राने नाव ऐकून विचारले, "हा कोण?" आम्ही त्याच्या जन्मगावापासून सांगायला सुरुवात केली.